पाव फेरा

नागदेवी स्ट्रीटवर मुर्तझाभाईंनी नवं मशीन दाखवलं.
निळं, गुळगुळीत, आकडे दाखवणारी काच वर,
घरच्या प्लगवर चालतं म्हणाले,
वजन एकशे दहा किलो, दोन माणसं सहज उचलतील.
मी हेडला हात लावून हलकेच ढकललं.
हललं.
मुर्तझाभाई दुसरीकडे बघत चहा सांगू लागले.

विक्रोळीच्या टूलरूममध्ये सव्वीस वर्षं
मी ज्याच्यासमोर उभा राहिलो ते हलत नसे.
बाहेरून ट्रेलर गेला तर खिडक्या थरथरत, ते नाही.
ते कंपनीचं होतं. जॉब कंपनीचा, ड्रॉइंग कंपनीचं,
चूक तेवढी माझी.
तिच्यावर माझा टोकन नंबर लिहून लाल पेटीत टाकत.

आता मुलुंड पूर्व, पहिला मजला, मागची खोली,
जिथे मुलगी सीएचा अभ्यास करायची.
दार तीस इंच, जिन्याचं वळण एकतीस.
सिंगल फेज.
वर्तमानपत्रं जोडून मी मशीनच्या पसाऱ्याचा आकार कापला
आणि खिडकीजवळ अंथरला,
हातचाकं भिंतीला लागतात का बघायला.
हेमांगीने विचारलं, बनवणार काय आहेस?
म्हटलं, आधी येऊ तर दे.
हे उत्तर नव्हे, ते दोघांनाही कळलं.

सेक्रेटरी छेडांनी वजन विचारलं.
चारशे, मी म्हणालो, फार तर चारशे वीस.
या खोलीत गौरीच्या जेवणाला बावीस जण बसले होते,
साठच्या हिशेबाने तेराशे वीस होतात.
छेडांनी मनात गुणाकार करून पाहिला.
मग म्हणाले, पण ते जेवून उठले, घाग.
हे उठणार नाही.

कुर्ल्याला, इद्रीसच्या गाळ्यात,
एक लेथ आणि आइस्क्रीमचा मोडका फ्रीज यांच्या मधे
ते उभं होतं. बटाल्याला ओतलेलं.
रंग तीनदा मारलेला: करडा, हिरवा, पुन्हा करडा.
टेबलावर ड्रिलचे तीन खड्डे,
तीन वेगळ्या दिवशी कुणाचं तरी लक्ष नव्हतं.
चौथा शिशाने बुजवलेला.
त्या दिवशी बहुतेक फोरमन येणार होता.

मी खिशातून डायल काढला.
इद्रीस म्हणाला, अच्छा, डॉक्टरसाब आहात.
हातचाक फिरवलं. पाव फेरा काहीच नाही,
मग टेबल निघालं,
हाक मारल्यावर पेपरची घडी घालून
मग ओ देणाऱ्या माणसासारखं.
टेबल टोकाकडे नेलं, पुन्हा फिरवलं.
घट्ट. दुसऱ्या टोकालाही घट्ट.
म्हणजे एवढी वर्षं व्हाइस मधोमध.
सगळे तिथेच लावतात. मीही लावायचो.
स्क्रूचे मधले सहा इंच खाऊन टाकले
आणि बाजूचे आटे कोरेच राहिले, तेलात,
त्यांच्यापर्यंत काम कधी आलंच नाही.

पंचावन्न, इद्रीस म्हणाला.
मी म्हणालो, चाळीस, मोटरही बदलावी लागेल.
तो म्हणाला, बिडाच्या भावाने तोडलं तर सोळा सुटतात.
पण मी तोडणार नाही. बघा तुम्ही.
सेहेचाळीसला ठरलं. पाचशे विसार दिला.
सुटं करून न्यायचं, हेड, टेबल, नी,
खांब सगळ्यात शेवटी,
जिन्याच्या वळणावर तो उभा करून फिरवायचा.
छेडांचं लेखी उत्तर अजून यायचंय.

घरी आलो तर हेमांगी केर काढत होती.
झाडू खिडकीपर्यंत आला,
वर्तमानपत्राच्या कडेकडेने वळला
आणि पलीकडे निघून गेला.
तिने काही विचारलं नाही.

मी पेन्सिल घेऊन खाली बसलो,
कागदावर व्हाइसची जागा आखली.
डावीकडे, जवळजवळ काठावर.
तिरपागडं दिसतंय, ती म्हणाली.
दिसू दे.